इंजिन बंद करायचं नाही

हुहानाने फ्रीझरच्या पेटीवर आणखी एक गोधडी टाकली, कडा खाली नीट खोचल्या, आणि पाओराचा ग्रीसने माखलेला हात झाकणाकडे येताना दिसला तसा मनगटाला धरून बाजूला सारला.

"उघडायचं नाही."

"नुसतं बघतो गं."

"बघून काय थंड होणार आहे?"

पेटीवरचा हिरवा आकडा तासाभरापूर्वी विझला होता. विझला तेव्हा उणे सहा होता. आता आत काय चाललंय ते बाहेरून तळवा टेकवूनच ओळखायचं, आणि तळव्याला जे कळत होतं ते तिला आवडत नव्हतं.

मोटरहोमची सगळी दारं-खिडक्या सताड उघडी होती आणि वारा होता तो भट्टीतून आल्यासारखा. नलारबोरच्या माळावर सावली म्हणाल तर त्यांच्या गाडीचीच, आणि भर दुपारी तीही चाकांखाली अंग चोरून बसली होती. रस्ता पूर्वेला सरळ, पश्चिमेला सरळ. पाओरा पुन्हा बॉनेटखाली वाकला. त्याच्या सदऱ्याच्या पाठीवर मिठाचा पांढरा नकाशा उमटला होता.

गाडी बंद पडली नव्हती, त्यांनीच केली होती. अकराच्या सुमारास चहाला म्हणून थांबले, चहा झाला, कप विसळून झाले, आणि पाओराने किल्ली फिरवली तर नुसतं टक्. पुन्हा टक्. हुहानाने त्याच्याकडे पाहिलं. त्याने बाजूच्या आरशात पाहिलं, जणू मागून कुणी येणार होतं.

"लाल दिवा कधीपासून लागत होता?"

"कुठला?"

"पाओरा."

"काल दुपारपासून," तो म्हणाला. "लागायचा, जायचा. मला वाटलं वायर सैल असेल. तुला कशाला घोर लावायचा उगाच."

काल संध्याकाळी ती म्हणत होती, रोडहाउसवर मुक्काम करू, पेटी तिथल्या विजेवर लावू. पाओरा म्हणाला, माळावरच झोपू, दिवसभर गाडी चालली की बॅटऱ्या भरतातच. एरवी ते खरंही होतं. पण बॅटऱ्या भरणारा अल्टरनेटरच मेला असेल तर गाडी हजार किलोमीटर धावली तरी त्या रित्याच होत जाणार. रात्रभर पेटी गाडीच्या राहत्या भागातली बॅटरी पीत राहिली, सकाळभर पंखा इंजिनाची. पाओराने एव्हाना दोन्ही बॅटऱ्या काढून त्यांची अदलाबदल करून पाहिली होती, पट्टा ताणून पाहिला होता, अल्टरनेटरच्या पाठीत पान्याने हलके दोन ठोकेही घातले होते. मीटरचा काटा काही जागचा हलत नव्हता.

पेटीत एकच वस्तू होती. हुहानाने लांब गवती पात्यांची विणलेली पिशवी, तिच्यात इस्पितळाचा पांढरा डबा, आणि डब्यात तिच्या नातवाची वार.

नातू आज बारा दिवसांचा झाला. कालगुर्लीच्या भाड्याच्या घरात, खोकी अजून न सोडलेल्या त्या खोलीत, आनाहेराने डबा आईच्या हातात दिला तेव्हा तिच्या सदऱ्यावर दुधाचे दोन ओले डाग होते आणि केसांना तीन दिवसांत फणी लागलेली नव्हती. "आई, माझी जिथे पुरलीय ना, तिथेच याची पूर. तू स्वतः. मी काय, आठ वर्षांत सात गावं केली. याला तरी परत जायला एक जागा असू दे." हुहानाने मान हलवली आणि बाळाच्या पायातला मोजा सरळ केला. तो सरळच होता.

गाडी पाओराच्या चुलतभावाची. ती मेलबर्नला त्याच्या दारात लावायची आणि तिथून विमानाने न्यूझीलंडला घर गाठायचं, म्हणून हा एवढा माळ तुडवायचा. पेटी मुद्दाम वेगळी विकत घेतली होती. गाडीत गॅसवरचा फ्रीज होता, पण त्यात अंडी होती, लोणी होतं, चॉप होते. अन्नाशेजारी वार ठेवत नाहीत. हुहानाच्या आजीने ठेवली नसती, आईने ठेवली नसती, आणि तिच्या मनालाही ते कधी शिवलं नसतं. शिवाय त्या फ्रीजमध्ये या उन्हात लोणीसुद्धा धड टिकत नव्हतं.

साडेबाराला एक छोटी गाडी थांबली होती. तरुण जोडपं, मागे दोन मुलं. त्यांनी वायरी जोडून पाहिल्या. एवढ्याशा बॅटरीने हे थोरलं डिझेल इंजिन नुसतं खोकलं. जाताना त्या मुलीने आपली बर्फाची पेटीच पुढे केली. "आहे तेवढा बर्फ घ्या. आम्हाला काय, पुढे मिळेल." बर्फात सॉसेजची पाकिटं आणि दह्याच्या वाट्या रुतलेल्या होत्या. हुहानाने तिचा हात हातात घेतला, थोपटला आणि म्हणाली, "नको, पोरी. जमायचं नाही."

ती गाडी ठिपका होऊन दिसेनाशी होईपर्यंत पाओरा कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मग फुटला.

"बर्फ म्हणजे बर्फ, हुहाना! पाणीच ना ते?"

"सॉसेजमधलं पाणी."

"आणि इथे ती वितळून चालली त्याचं काय?"

"ते मला विचारतोस? दिवा मला दिसला होता का?"

तो पायरीवर बसला. पाना एका हातातून दुसऱ्या हातात करत राहिला. माश्या त्याच्या पापण्यांवर बसत होत्या आणि तो त्या हाकलत नव्हता. मग पान्याकडेच बघत तो हलक्या आवाजात बोलला.

"इथेच पुरली तर?"

हुहानाचा हात गोधडीवर थांबला.

"मी खोल खणतो. वर दगड रचतो. खराब होऊन वास सुटण्यापेक्षा..." तो घुटमळला. "आनाहेराला म्हणायचं, घरी पुरली. घरी गेल्यावर एखादं रोप लावू. कुणाला कळणार आहे?"

पुढचे शब्द मात्र कसे ओळीने आले, कुठे अडखळले नाहीत. हुहाना गोधडीची घडी उकलून पुन्हा तशीच घालत राहिली.

"ही जमीन कुणाची आहे?" शेवटी तिने विचारलं. "विचारलंस त्यांना?"

"इथे आहे कोण विचारायला?"

"आपल्याला दिसत नाहीत म्हणून कुणी नाही का? आपल्या माळावर कुणी असं न विचारता पुरून गेलं असतं तर तू काय केलं असतंस?"

पाओराने पाना पायरीवर ठेवला. दुपार तशीच तापत राहिली.

तिच्या डोळ्यांसमोर घरामागचं पुरिरीचं झाड आलं. एकतीस वर्षांपूर्वीच्या जुलैत, आनाहेराच्या जन्मानंतर ती ताप येऊन नऊ दिवस इस्पितळात पडली होती. पाओरा तेव्हा मांसाच्या कारखान्यात पाळीला होता. ती घरी आली तेव्हा मागच्या दारी ताजी उकरलेली माती होती, मातीत वीतभर रोप होतं, आणि नखांत माती असलेला नवरा तिच्याकडे न बघता रोप दाखवत होता. त्या रोपाचा आता एवढा मांडव झाला होता. पाओराने त्याखाली कधी भाकरतुकडा खाऊ दिला नाही कुणाला. दर जुलैत गुडघे टेकून तो बुंध्याजवळचं तण उपटायचा. तिथे दुसरं कुणी बसायचं तर एक काळ्या कानाची मेंढी. आनाहेरा जन्मली त्याच हिवाळ्यात पाओराच्या भावाने ती कोकरू असताना दिली होती. दोनदा विकली तिला, दोन्ही वेळा कुंपणं ओलांडून, अंगाला काटे चिकटवून परत आली आणि झाडाखाली बसून राहिली. फाटक उघडं टाकलं तरी बाहेर पाऊल टाकायची नाही. आनाहेरा हसायची, "ही बघा, माझ्यापेक्षा हीच या घरची लेक!"

आणि आनाहेराचा नव्या गावाहून फोन आला, की फोन ठेवताना पाओरा दर वेळी म्हणायचा, "येईल परत. तिची वार इथे आहे." हुहाना दर वेळी "हं" म्हणायची.

साडेचारच्या पुढे पश्चिमेकडून धूळ दिसली. मग आवाज आला. तीन डबे ओढणारा लांबलचक ट्रक हिसके देत, उसासे टाकत त्यांच्या पलीकडे जाऊन थांबला आणि वरून एक बुटकी, रुंद खांद्यांची, पन्नाशीची बाई उतरली. पायांत रबरी चपला, डोक्यावर भोकं पडलेली टोपी.

"मी नोरीन," ती म्हणाली. "मागे एक पोरगी ओरडून सांगत गेली रेडिओवर, म्हातारा-म्हातारी उन्हात सुकतायत. न्यूझीलंडचे ना? पोहत निघाला असतात तर एव्हाना घरी पोचला असतात."

"शार्क तुमच्या बाजूचे असतात," पाओरा म्हणाला. दिवसभरात पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

नोरीनने बॉनेटखाली डोकं घातलं, मीटर लावायला सांगितला, काट्याकडे एकदाच पाहिलं. "डायनामो मेला तुझा, आजोबा. काल मेला, आज दिवस घाला." मग तिने वायरींचं भेंडोळं काढलं. "थांब, थांब! माझ्या बॅटऱ्या दोन मिळून चोवीस व्होल्टच्या आहेत. एकीलाच जोड, नाहीतर तुझं उरलंसुरलंही भाजून निघेल. हां. मार सेल्फ."

इंजिन खोकलं, घुसमटलं, आणि धरलं. पाओराने डोळे मिटून स्टिअरिंगला कपाळ टेकलं.

"आता ऐक," नोरीन खिडकीशी जाऊन ओरडून म्हणाली. "जुनं डिझेल आहे, एकदा पेटलं की विजेवाचून चालतं. पण बंद पडलं तर मी दुसऱ्यांदा येणार नाही. दिवे नाहीत, पंखा नाही, गाणी नाहीत. पुढचं रोडहाउस एकशे दहा किलोमीटर. अंधार पडायच्या आत पोचायचं. बिनदिव्यांचा गेलास तर कांगारू काचेतून मांडीवर येऊन बसेल. मुतायलासुद्धा थांबायचं नाही. इंजिन बंद करायचं नाही, कळलं?"

"आणि फ्रीझर?" हुहानाने विचारलं.

"तो तर नाहीच. वितळू दे काय असेल ते. मासे आहेत?"

हुहाना आणि पाओराने एकमेकांकडे पाहिलं.

"नातवाची वार आहे," हुहाना म्हणाली. "घरी न्यायचीय. पुरायला."

नोरीनने टोपी काढली, कपाळ पुसलं, पुन्हा घातली. तिने पेटीकडे पाहिलं, गोधड्यांकडे पाहिलं.

"मी तीन वेळा बाळंत झाले," ती म्हणाली. "कुठे टाकली त्यांनी, कधी विचारलंसुद्धा नाही." मग एकदम वळली. "चला, उचला. माझ्या केबिनमध्ये सॉकेट आहे. एकच आहे, त्यावर माझा फ्रीज चालतो. त्याला काढते."

"तुमचं जेवण..."

"लोणी वितळेल. वितळू दे. तशीही वजन उतरव म्हणतो डॉक्टर."

"आणि... जेवण तिच्याजवळ नको," हुहानाला सांगताना संकोच वाटला. "असं असतं आमच्यात."

"जेवण मागे बिछान्यावर टाकते, पडद्याच्या आड. चालेल?"

"चालेल."

"पण तू बसायचं माझ्याबरोबर. कुणाच्या लेकराची वस्तू मी एकटी नेणार नाही. रस्त्यात काही झालं तर मी काय करू?"

गाडी तशीच गुरगुरत ठेवून, पाओराचा पाय रेसवर ठेवून, दोघी बायकांनी पेटी चढवली. नोरीनने पिन खोचली. क्षणभर काहीच झालं नाही. मग हिरवा आकडा उमटला. उणे एक.

हुहाना खाली उतरली. पाण्याची बाटली घेऊन ती मोटरहोमच्या खिडकीशी गेली. पाओराने बाटली घेतली, मांडीत धरली.

"वाचली," तो म्हणाला.

"वाचली." ती हलली नाही. "घरी गेल्यावर पुरिरीखाली नाही पुरायची ती."

"का? पोरगी म्हणाली ना, तिची जिथे आहे तिथेच."

"म्हणूनच."

इंजिनाचा आवाज किंचित खाली उतरला.

"रेस सोडू नकोस," ती म्हणाली.

त्याने पाय दाबला. तो समोर बघत होता. समोर रस्त्याशिवाय काही नव्हतं.

"सिस्टरने सकाळीच येऊन सांगितलं होतं मला," हुहाना म्हणाली. "पोरीची वार चुकून कचऱ्याबरोबर भट्टीत गेली म्हणून. रडत होती बिचारी. तू आलास दुपारी, ती न्यायला."

"एकतीस वर्षं?" तो म्हणाला. "बोलली नाहीस?"

"तू तण काढायचास. काय बोलणार?"

त्याने पाय रेसवर तसाच दाबून धरला. दोन्ही हात स्टिअरिंगवरच होते. काढले असते तर कुठे ठेवावेत हे त्याला कळलं नसतं.

"कारखान्यातलं पुरलं असशील काही," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मेंढीचं काळीज नाहीतर काय. मी कधी विचारलं नाही."

"नाही गं." त्याने पहिल्यांदा तिच्याकडे मान वळवली. "कारखान्यातलं कसं पुरेन? भावाकडची मेंढी व्याली होती त्या रात्री, पावसात. मी तिथेच होतो. तुझ्याकडे रिकाम्या हाताने यायचं धैर्य नव्हतं. तिची वार घेतली मी. वाटलं, निदान... वार तरी असावी."

हुहानाने खिडकीची कड धरली. पत्रा पोळत होता, तिने हात काढला नाही.

"कोकरू जगलं?"

"जगलं की," पाओरा म्हणाला. "काळ्या कानाचं."

पलीकडून भोंगा वाजला. "अहो आजोबा! प्रेमाचं बोलणं उद्या! ऊन उतरायला लागलं!"

हुहाना दोन पावलं मागे सरली. तिचं तोंड विचित्र झालं होतं. हसू होतं की आणखी काही, तिला स्वतःलाच ठरवता येत नव्हतं.

"आनाहेराला कोण सांगणार?" पाओराने विचारलं.

"तू. रोडहाउसवर फोन लागतो."

त्याने मान हलवली.

"इंजिन बंद करू नकोस," ती म्हणाली आणि ट्रककडे चालू लागली.

वरून माळ आणखी सपाट दिसत होता. नोरीनने मुद्दाम सावकाश ठेवला होता ट्रक, मागच्याला धूळ लागू नये म्हणून. हुहानाने पाय पेटीला टेकवून ठेवले होते. कंप्रेसरची बारीक थरथर तळव्यांना लागत होती. थोड्या वेळाने तिचे खांदे हलायला लागले.

"अगं, रडतेस की हसतेस?" नोरीनने विचारलं.

"एक मेंढी आठवली."

"मेंढी?"

"होती आमच्याकडे. दोनदा विकली, दोन्ही वेळा परत आली."

"तुमच्याकडच्या मेंढ्या माणसांपेक्षा शहाण्या, ऐकलंय मी," नोरीन म्हणाली आणि तिने गिअर बदलला. मग पेटीकडे हनुवटीने खूण करून तिने विचारलं, "कुठे पुरणार, ठरलंय?"

हुहानाने बाजूच्या आरशात पाहिलं. उतरत्या उन्हात मोटरहोम मागून येत होतं, बिनदिव्यांचं, ना जवळ ना लांब. आरशाच्या थरथरीत ते कधी कडेला सरकायचं, कधी मध्ये यायचं, पण दिसेनासं होत नव्हतं.

"घरामागे एक झाड आहे," ती म्हणाली. "मेंढी परत यायची ते."

पायाशी आकडा बदलला. उणे दोन.